डोंगरावरचं समुद्राचं गोत

मंडळी, आपण मुंबईकर तिसऱ्या आणि कालवं ओळखतो ती कोळणीच्या पाटीतून. गोड्या पाण्यातल्या शंख-शिंपल्यांशी आपली तेवढी ओळख नाही, म्हणून सुरुवात समुद्रापासूनच करतो. ओहोटीला बँडस्टँडच्या खडकांना चिकटलेले बारीक शंख तुम्ही पाहिले असतील. त्यांच्यातलं एक मोठं कूळ म्हणजे लिटोरिनिडी. हे कूळ जवळजवळ सगळंच खाऱ्या पाण्याचं. त्यातली क्रेम्नोकॉन्कस ही एकच प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) गोड्या पाण्यात रुळली, आणि साऱ्या जगात ती फक्त सह्याद्रीत आहे! महाबळेश्वरच्या बाजूला पावसाळ्यात पाणी झिरपणाऱ्या उभ्या कातळांवर हे इवले शंख चरत असतात. कोरड्या दिवसांत कपारीत दडून बसतात. विल्यम ब्लॅनफर्ड या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने १८६३ साली त्यातल्या एका जातीला ‘सह्याद्रेन्सिस’ असं आपल्या डोंगराचंच नाव दिलं. त्यानंतर दीडशे वर्षं जाती तीनच माहीत होत्या. २०१३ मध्ये कर्नाटकातल्या घाटांतून आणखी सहा नोंदल्या गेल्या. एकच डोंगररांग, पण उत्तरेच्या जाती वेगळ्या आणि दक्षिणेच्या वेगळ्या.

असं का? नकाशावर आपल्याला नद्या रेषांसारख्या दिसतात. पाण्यातल्या जिवासाठी मात्र प्रत्येक खोरं हे एक बेट असतं. घाटमाथ्यावर पावसाचे दोन थेंब हातभर अंतरावर पडतात. एक उल्हास नदीतून आपल्या खाडीला येतो, दुसरा भीमेतून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जातो. गोगलगायीला ते हातभर अंतर ओलांडायचं तर जमिनीवरून जावं लागेल.

काहींना ते जमतं. बदकाचे पाय पाण्यात टांगले तर गोगलगायींची नुकतीच अंड्यातून निघालेली पिल्लं त्यांना चिकटतात, हे डार्विनने स्वतः करून पाहिलं होतं. मेलॅनॉइड्स नावाच्या शंखात मादीला नराची गरजच पडत नाही. एक मादी पोहोचली की वसाहत झाली. त्यामुळे आफ्रिकेपासून आशियापर्यंत तेच ते शंख भेटतात. तळ्यात शंख पुष्कळ दिसले म्हणजे विविधता मोठी, असं म्हणूनच मी मानत नाही.

नदीतल्या मोठ्या शिंपल्यांचं तसं नाही. त्यांच्या अळ्या माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटतात, काही दिवस तिथेच वाढतात आणि मग तळाशी गळून पडतात. म्हणजे मासा जिथवर जाईल, तिथवरच शिंपल्याचं राज्य. अमेरिकेत काही शिंपले तर आपल्या मांसल कडेचा हुबेहूब मासोळीसारखा आकार करून मोठ्या माशाला जवळ बोलावतात. मला हे जितक्या वेळा आठवतं, तितक्या वेळा थक्क व्हायला होतं.

उष्ण प्रदेशात जीव जास्त, ही आपली नेहमीची समजूत. इथे ती अपुरी पडते. उत्तर अमेरिकेत या शिंपल्यांच्या सुमारे ३०० जाती आहेत, युरोपात मोजक्याच. हिमयुगातला बर्फ अमेरिकेच्या आग्नेय भागापर्यंत पोहोचलाच नाही. टेनेसी आणि अलाबामामधल्या नद्या लाखो वर्षं वाहत्या राहिल्या आणि खडकांतला चुना शिंपल्यांना मिळत राहिला. सायबेरियातलं बैकाल सरोवर तर सुमारे अडीच कोटी वर्षांचं. तिथल्या कितीतरी गोगलगायी दुसरीकडे कुठेच नाहीत. पाणी आज कसं आहे, याच्या जोडीला ते किती काळ न आटता, न गोठता टिकलं, हेही विचारावं लागतं.

अलाबामामध्ये कूसा नावाची नदी आहे. तिच्यावर विसाव्या शतकात एकामागून एक धरणं झाली. खळखळते उथळ भाग बुडाले, गाळ बसला आणि गोगलगायींच्या डझनावारी जाती कायमच्या गेल्या. शेजारच्या नदीतून त्या परत येतील म्हणावं, तर शेजारी त्या कधी नव्हत्याच. महाबळेश्वरचा पाझरता कातळही तसाच आहे. वरचा झरा कुणी पाइपात घातला, तर त्या भिंतीवरच्या शंखांना सरकायला दुसरी ओली भिंत जवळ असेलच असं नाही.