घंटेत सोनं किती असतं? लफबराच्या टेलर घराण्याची गोष्ट

(काशाची वाटी हातात धरून टिचकी)

ऐकलंत? थांबा, पुन्हा एकदा. हेडफोन असतील तर लावा.

नमस्कार मंडळी. ही माझ्या आजीची काशाची वाटी. उन्हाळ्यात तळपायाला तूप लावून ती हीच घासायची. आजचं सगळं बोलणं या वाटीच्या मोठ्या बहिणींबद्दल आहे.

मागच्या महिन्यात लफबराच्या घंटांच्या कारखान्यातली छोटीशी क्लिप टाकली होती. आधी नावाचं सांगते, कारण बऱ्याच जणांनी ‘लोगबोरो’ लिहिलंय. स्पेलिंग तसंच दिसतं, पण इथली माणसं ‘लफबरा’ म्हणतात. मी इंग्लंडात लेस्टरला राहते, तिथून हे गाव रेल्वेनं दहा-पंधरा मिनिटं. तर त्या क्लिपखाली सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न: “ताई, यात सोनं किती घालतात?” त्याच्या खालोखाल, “चांदी असणारच, त्याशिवाय असा आवाज येत नाही.” आणि मग पंचधातू, अष्टधातू.

एकेकाला उत्तर देत बसले होते, शेवटी म्हटलं व्हिडिओच करू.

प्राथमिक गोष्टी भराभर उरकते. घंटा कशाची? काशाची. तांबं साधारण ७७ टक्के, कथील २३. संपलं. आत गाभा, बाहेर साचा, मधल्या पोकळीत रस ओतायचा, निवू द्यायचा, साचा काढायचा. साच्याच्या मातीत वाळू, चिकणमाती, घोड्याची लीद आणि बकऱ्याचे केस मिसळतात. लीद आणि केस जळून जातात, त्या बारीक वाटांनी वायू बाहेर पडतो. कोल्हापूर-शिरोलीच्या फाउंड्रीत काम केलेल्यांना यात नवीन काही नाही, म्हणून पुढे जाते.

आता हा कारखाना ज्यांचा, ते टेलर घराणं. १७८४ साली रॉबर्ट टेलर नावाच्या कारागिराकडे हा धंदा आला. तो एका घंटाकाराच्या हाताखाली शिकलेला. त्याचा मुलगा जॉन १८३९ मध्ये लफबराला आला तो फक्त इथल्या मोठ्या चर्चच्या घंटा नव्यानं ओतायला. कामाला आला आणि राहिलाच. तेव्हाचे कारागीर बऱ्याचदा चर्चच्या जवळच भट्टी मांडत, कारण टनाटनांच्या घंटा खडबडीत रस्त्यांवरून नेण्यापेक्षा ओतणारा नेणं सोपं. १८५९ च्या सुमाराला टेलरांनी आजच्या जागेवर कारखाना उभारला. विटांच्या त्याच जुन्या इमारतीत मी उभी होते.

वजनं विचारणाऱ्यांसाठी एकच सांगते. १८८१ मध्ये याच आवारात लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलसाठी ‘ग्रेट पॉल’ ओतली. जवळजवळ १७ टन. पुढच्या वर्षी वाफेच्या इंजिनांनी ती रस्त्यानं ओढत लंडनला नेली, त्याला ११ दिवस लागले. गावोगावची माणसं रस्त्याच्या कडेला बघायला उभी असणार, आपल्याकडे पालखी येते तेव्हा असतात तशी. मी तरी उभी राहिले असते.

पण माझा जीव ग्रेट पॉलमध्ये अडकलेला नाही. तो अडकलाय लेथमध्ये, म्हणजे धातू फिरवत तासायच्या यंत्रात.

आता नीट ऐका, हीच पायरी सगळे वगळतात. साच्यातून निघालेली घंटा तयार नसते. ती सुरात नसते. घंटेला एकच सूर असतो असं आपल्याला वाटतं, पण एक ठोका पडला की त्यातून एकाच वेळी बरेच सूर निघतात, आणि त्यातले पाच महत्त्वाचे. गाणं शिकलेल्यांसाठी आपल्या भाषेत सांगते. मधला सा. त्याच्या खाली मंद्र सा, जो शेवटपर्यंत गुणगुणत राहतो. वर कोमल गंधार. मग पंचम. आणि तार सा. कोमल गंधार! युरोपातल्या चर्चची घंटा लांबून ऐकली की आत काहीतरी हुरहुर होते ना, त्यात या कोमल गंधाराचा मोठा वाटा आहे.

हे पाच सूर साच्यातून आपोआप जुळून येत नाहीत. मंद्र सा थोडा चढा, पंचम उतरलेला, असं काहीही होतं. मग काय करतात? घंटा उलटी करून उभ्या लेथवर बसवतात, वाडग्यासारखी. ती फिरते आणि आतून धातू खरवडला जातो. आतून! बाहेरची नक्षी, अक्षरं, सगळं तसंच राहतं. पोटातून काशाचा कीस निघतो, पिवळाधमक. वरच्या पट्ट्यात खरवडलं तर एक सूर हलतो, ओठाजवळ, म्हणजे खालच्या कडेजवळ, खरवडलं तर दुसरा, आणि एकाला हात लावला की शेजारचे दोनही थोडे सरकतात.

आणि खरवडलेलं परत चिकटवता येत नाही.

हे पुन्हा सांगते, कारण क्लिपखाली एका तबलजी मित्रानं विचारलं होतं, “जास्त उतरली तर चढवायची कशी?” दादा, तुमच्याकडे गट्टा आहे. हातोडी वरून मारली की सूर चढतो, खालून मारली की उतरतो. तंबोऱ्याला मणका आहे. जलतरंगात पाणी घालता येतं, काढता येतं. घंटेला यातलं काहीच नाही. आतून खरवडलं की सूर खालीच जातो. म्हणून घंटा मुद्दाम किंचित जाड ओततात, सूर किंचित चढे ठेवून, आणि मग केसाएवढं केसाएवढं घेत खाली आणतात. एक घास जास्त गेला तर ती घंटा परत भट्टीत. म्हणजे सगळ्यात मोठं कौशल्य कुठे थांबायचं ते कळण्यात आहे.

मला या घराण्याबद्दल खरा आदर वाटतो तो इथे. जुन्या काळी इंग्लंडमध्ये साच्यातून निघाली तशीच टांगता येईल अशा घंटेला ‘कुमारिका’ म्हणत. तिला हत्यार लागलेलं नाही, हीच कारागिराची शान! सूर फारच बिघडलेला असला तर छिन्नीनं ओठाची कड तासायची, एवढंच. मग १८९० च्या दशकात सिम्प्सन नावाच्या एका पाद्र्यानं लेख लिहून दाखवून दिलं की या घंटा बेसूर का वाटतात. एक सूर जुळवून भागत नाही, पाचही जुळले पाहिजेत. आता विचार करा, शंभर वर्षं घंटा ओतणाऱ्या घराण्याला एक धर्मोपदेशक सांगतोय की तुमचं काम अर्धवट आहे. टेलरांनी ते मनावर घेतलं. सूरकाट्यांचा, म्हणजे ट्यूनिंग फोर्कचा, संच घेऊन एकेक सूर मोजायला बसले आणि १८९६ पासून त्यांच्या घंटा पाचही सुरांत लावलेल्या निघू लागल्या. घरातल्या विद्येवर कोणी बोट ठेवलं की आपण काय करतो, हे मला माझ्या माहेरच्या सुगरणींवरून चांगलं माहीत आहे. म्हणून मला हे मोठं वाटतं.

आता सोन्याकडे. मी या प्रश्नावर एवढी का चिडते, ते आज सांगूनच टाकते.

माझं आजोळ नाशिक जिल्ह्यातलं. मी लहान असताना गावच्या मारुतीच्या देवळातली घंटा तडकली. नवीन करायची ठरली. कोणीतरी म्हणालं, सोनं पडलं तर आवाज गोड येईल. बायकांनी मणी, फुली, जे जमेल ते दिलं. आजीनं कानातली एक बुगडी दिली. घंटा आली, टांगली, पहिला ठोका माझ्या मामानं दिला, आणि आवाज आला भद्द. भांडं पडल्यासारखा. गावात कुजबुज सुरू झाली की कोणाचं तरी सोनं खोटं असणार. ती कुजबुज आजीपर्यंत पोचली. ती कधी काही बोलली नाही, पण त्या देवळात गेली की घंटेला हात लावायची नाही.

लफबराच्या कारखान्यात लेथसमोर उभी असताना मला ती बुगडी आठवली. मंडळी, चिमूटभर सोन्यानं शेकडो किलो काशाचं काहीच होत नाही. चांगलं नाही, वाईटही नाही. आणि खरोखर जाणवेल इतकी चांदी घातली तर ती मऊ असल्यामुळे आवाज बसतोच. आमच्या घंटेत साच्यात ओल राहून आत बारीक छिद्रांची जाळी पडली असेल, कथील कमी पडलं असेल, ओठ पातळ झाला असेल. बुगडीचा काही संबंध नव्हता. आजी जाऊन बरीच वर्षं झाली, हे तिला सांगायचं राहून गेलं.

म्हणून पुन्हा एकदा. सोनं-चांदी टाकून आवाज गोड होत नाही. कासं स्वच्छ आणि मापात हवं, घंटेचा आकार बरोबर हवा, आणि पोटातून योग्य तेवढं काढलेलं हवं.

“मग गोव्याची सोन्याची घंटा?” हेही कोणीतरी विचारलंय. जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलची ती घंटा १६५२ मध्ये कुंकळ्ळीला ओतली. तिला सुवर्ण घंटा म्हणतात ते तिच्या सोन्यासारख्या आवाजामुळे. आवाजाला दिलेलं नाव आहे ते! आणि नाशिककरांनो, तुमची नारोशंकराची घंटा, वाईजवळच्या मेणवलीची घंटा, या पोर्तुगीज घंटा आहेत. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्यानंतर अशा घंटा आपल्या देवळांत आल्या. मेणवलीच्या घंटेवर मेरी आणि बाळ येशू आहेत, जाऊन बघा. गोदावरीला पूर आला की पाणी नारोशंकराच्या घंटेपर्यंत आलं का, हे विचारत आम्ही मोठे झालो. टेलरांचा या घंटांशी संबंध नाही, त्या त्यांच्या आधीच्या. पण कासं तेच.

टेलर घराण्याचं पुढचं सांगते. पहिल्या महायुद्धात या घरातली तीन तरुण मुलं गेली. सख्खे भाऊ. त्यांचे काका डेनिसन टेलर तेव्हा कारखाना बघत होते. युद्धानंतर लफबरा गावानं स्मारक म्हणून क्वीन्स पार्कमध्ये मनोरा बांधला. १९२३ मध्ये तो उघडला. आत ४७ घंटा, सगळ्या टेलरांच्या, आणि एकच वादक खाली बसून लाकडी दांडे मुठीनं दाबून त्या सगळ्या वाजवतो. त्यातली सगळ्यात मोठी, चार टनांहून जड घंटा डेनिसननी आपल्या तीन पुतण्यांच्या स्मरणार्थ दिली. ती सुरात लावताना तिच्या पोटातून निघालेला कीस त्या घरातल्या माणसांनी कसा बघितला असेल, हे मला सुचतही नाही.

पॉल टेलर हे घराण्यातले शेवटचे. ते १९८१ मध्ये गेले. २००९ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या दारात होती, काही जणांनी एकत्र येऊन ती वाचवली. लंडनचा व्हाइटचॅपलचा कारखाना २०१७ मध्ये बंद पडला, त्यानंतर ब्रिटनमध्ये मोठा असा घंटांचा कारखाना हाच एक. आता तिथे संग्रहालयही आहे. सूर मोजायला आता संगणक आहे, लेथवर मात्र अजून माणूसच उभा असतो.

गेल्या रविवारी मुलाला घेऊन त्या मनोऱ्याखाली बसले होते. मोठी घंटा वाजली तेव्हा त्याला म्हटलं, डोळे मिट आणि खालचा सा पकड. बाकीचे सूर एकेक करून विरले. तो बराच वेळ तसाच बसून होता, आणि मग हळूच म्हणाला, “आई, अजून आहे.”

नाशिकमधलं कोणी बघत असेल तर माझं एक काम करा. पहाटे, गर्दी व्हायच्या आधी, नारोशंकराच्या घंटेचा एकच ठोका रेकॉर्ड करून पाठवा. आवाज पूर्ण विरेपर्यंत फोन बंद करू नका.