खाडीकाठचं ठाणं

(दृश्य : खाडीचं भरतीचं पाणी, मागे पुलावरून जाणारी लोकल)

ठाण्याला आपण तलावांचं शहर म्हणतो. पण या गावाला मोल आलं ते खाडीमुळे. जिच्या काठाशी ठाणं, ती खाडी ज्याच्या ताब्यात, त्याच्या हातात साष्टी बेट आणि कल्याणची वाट.

(दृश्य : कारागृहाची दगडी तटबंदी)

कळवा पुलाकडे जाताना लागणारी ही भिंत मुळात किल्ल्याची आहे. पोर्तुगिजांनी किल्ला बांधायला घेतला, पण तो पुरा होण्याआधीच, १७३७ मध्ये, मराठ्यांनी साष्टीवर धडक मारून जिंकला. १७७४ च्या अखेरीस तो इंग्रजांकडे गेला आणि पुढे त्याचा तुरुंग झाला. दुसऱ्या बाजीरावाचे विश्वासू त्रिंबकजी डेंगळे इथेच कैदेत होते. पहारा गोऱ्या सोल्जरांचा, मराठीचा गंध नसलेला. सांगतात, की खिडकीखाली घोड्याला खरारा करणारा मोतद्दार गाणी म्हणायचा आणि सुटकेचा बेत त्या गाण्यांतूनच आत पोचायचा. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी पसार झाले!

याच तटाआड १९ एप्रिल १९१० रोजी नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधासाठी क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फासावर गेले. कान्हेरे अवघे अठरा वर्षांचे होते. ठाण्यातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला ही जागा माहीत असायलाच हवी.

(दृश्य : ठाणे स्टेशन, सकाळची गर्दी)

१६ एप्रिल १८५३. बोरीबंदरहून चौदा डबे आणि सुमारे चारशे पाहुणे घेऊन देशातली पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावत इथे आली. पुढच्याच वर्षी खाडीवर पूल झाला, गाडी कल्याणला गेली.

(दृश्य : उंच टॉवर, शेजारी जुनी झाडं)

मग आले कारखाने. १९२५ मध्ये खाडीच्या परिसरात लोकरीची गिरणी उभी राहिली, तीच पुढे रेमंड. सुरुवातीला तिथे घोंगड्यांसारखी जाडीभरडी कापडं निघायची. १९६२ मध्ये एमआयडीसी, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाली, आणि वागळे इस्टेट ही तिच्या सर्वांत जुन्या वसाहतींपैकी एक. कोकणातून, घाटावरून माणसं कामाला आली, किसननगरच्या चाळींत राहिली.

गिरणीच्या जागेवर आता टॉवर आहेत. किल्ल्याला निदान तुरुंगाने राखलं, कारखान्यांना राखणारं कुणी नाही. पण तीन पाळ्यांत राबलेली माणसं अजून आहेत. कुठल्या गेटात कुठली कंपनी होती, ते त्यांना तोंडपाठ आहे. त्यांच्याशी बोला, आणि जे ऐकाल ते लिहून ठेवा.