अटक झाली आणि वकिलाला पैसे नाहीत? पहिल्याच दिवशी हे मागा

नमस्कार मंडळी. घरातल्या माणसाला पोलिसांनी उचललं, की आपल्याकडं धावाधाव ठरलेली असते. कुणीतरी ओळखीच्या नगरसेवकाला फोन लावतं, कुणी बायकोचं गंठण घेऊन कोल्हापूरचा सराफ बाजार, गुजरी गाठतं. वकिलाची फी कुठनं आणायची, या काळजीत पहिला दिवस निघून जातो. आणि केसमध्ये सगळ्यात जास्त नुकसान होतं ते त्याच दिवशी.

म्हणून आधीच सांगतो. आरोपीच्या खिशात दमडी नसली तरी त्याला वकील मिळतो, सरकारच्या खर्चानं. आणि तो पहिल्या रिमांडपासून मिळतो. खटला उभा राहीपर्यंत थांबायचं कारण नाही.

रिमांड म्हणजे नेमकं काय होतं बघा. अटकेपासून २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, पोलिसांना आरोपी मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावाच लागतो. समजा, शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत काम करणारा एक पोरगा आहे. चोरीचा आरोप. कसबा बावड्याच्या कोर्टात दोन पोलिसांच्या मध्ये उभा आहे, अंगावर कालचेच कपडे. तपास अधिकारी रिमांड रिपोर्ट पुढं करतात: मुद्देमाल जप्त करायचाय, साथीदार शोधायचेत, पाच दिवस पोलीस कोठडी द्या. साहेब विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" पोरगा मान हलवतो, नाही. ज्यांच्याबरोबर परत जायचंय ते शेजारीच उभे असताना तो दुसरं काय बोलणार? "वकील आहे का?" नाही. झालं, पुढची केस.

पाचच दिवस कशाला, अटकेची कारणं सांगितली का, घरी कळवलं का, अंगावर मार आहे का, हे विचारायला त्याच्या बाजूनं कुणीच नव्हतं. त्यानं एवढंच म्हणायचं होतं: "साहेब, मला मोफत वकील पाहिजे."

आणि तो गप्प राहिला तरी हे त्याला सांगणं मॅजिस्ट्रेटचं काम आहे. भागलपूरमध्ये पोलिसांनी कैद्यांचे डोळे फोडले, त्या खत्री खटल्यात सुप्रीम कोर्टानं १९८० साली हे स्पष्ट केलं. १९८६ च्या सुकदास खटल्यात तर आरोपीला वकिलाबद्दल कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून झालेली शिक्षा रद्द केली. मग २०१२ मध्ये कसाबचा निकाल आला. कसाबला वकील दिला म्हणून लोक आजही चिडतात. मला वाटतं, त्या निकालाकडं आपण नीट बघितलंच नाही. पहिल्यांदा हजर केलं त्याच वेळी वकिलाचा हक्क सांगणं हे देशातल्या प्रत्येक मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य आहे, हे त्यातच ठणकावून सांगितलंय. त्याचा उपयोग कुणाला? या फौंड्रीतल्या पोराला.

आता वकील देतं कोण? जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. ते जिल्हा न्यायालयातच असतं, तालुक्याच्या कोर्टात त्याची समिती असते. उत्पन्नाची अट महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांची आहे, पण कोठडीत असलेल्या माणसाला ती लागूच नाही. बाई असेल, अल्पवयीन असेल, अनुसूचित जाती-जमातीतला माणूस असेल, तरीही नाही. आणि एक लक्षात ठेवा, कोर्टात "सरकारी वकील कुठं आहेत?" असं विचारत जाऊ नका. ते सरकारच्या बाजूनं, म्हणजे आरोपीविरुद्ध खटला चालवतात. तुम्हाला विधी सेवेचं ऑफिस शोधायचंय.

"फुकटचा वकील काय लढणार?" हे कमेंटमध्ये येणारच. ही शंका हवेतनं आलेली नाही. प्राधिकरणाच्या यादीतल्या, म्हणजे पॅनलवरच्या वकिलाला मानधन तुटपुंजं, त्यात स्वतःची प्रॅक्टिस, तारखेला ज्युनिअर पाठवायचा, हे लोकांनी भोगलंय. म्हणूनच २०२२ ला नवी पद्धत आणली: लोकअभिरक्षक. हे वकील पूर्णवेळ फक्त आरोपींचा बचाव करतात, खाजगी केस घ्यायला त्यांना बंदी आहे. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा केसमध्ये किमान दहा वर्षं वकिली केलेलाच वकील द्यायचा, असं सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये सांगितलंय. तरीही वकील येत नसेल, किंवा पैसे मागत असेल, तर प्राधिकरणाच्या सचिवांकडं लेखी तक्रार करा. सचिव स्वतः न्यायाधीश असतात. वकील बदलून मिळतो.

जामीन मंजूर होऊनही माणूस कळंबा जेलमध्येच, हे तर फार होतं. जामीनदार मिळत नाही. परजिल्ह्यातला ऊसतोड मजूर इथला सातबारा कुणाचा आणणार? २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, की जामीन मिळून सात दिवसांत सुटका झाली नाही तर जेल अधीक्षकांनी प्राधिकरणाला कळवायचं, आणि स्थानिक जामीनदाराचा हट्ट टाळावा. तुमचा माणूस असा अडकला असेल तर आठव्या दिवशी ऑफिसात जाऊन विचारा.

शिक्षा झाली तरी मदत थांबत नाही. निकालाची प्रत फुकट, अपिलाला वकीलही फुकट. हे ठरलं ते १९७८ च्या होसकोट खटल्यात, आपल्याच महाराष्ट्रातल्या. आणि ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आहे, त्यामुळं हायकोर्टातल्या अपिलासाठी घरच्यांना मुंबईची खेप नाही.

विधी सेवेचा टोल फ्री नंबर १५१००, देशभर चालतो. फोन करताना आरोपीचं पूर्ण नाव, पोलीस ठाणं, अटकेची तारीख-वेळ आणि मिळाला असेल तर एफआयआरचा नंबर हाताशी ठेवा. एफआयआर नंबर नसला तरी थांबू नका, तो वकील काढतील.