गोल, पण पोर्तुगीज चालीचा

श्रोतेहो, नमस्कार.

ब्राझीलच्या रेडिओवर फुटबॉलची कॉमेंट्री लागली की पोर्तुगीजचा ओ की ठो न कळणाऱ्यालाही एक शब्द हमखास कळतो. गोल! कॉमेंटेटर तो एका दमात इतका ताणतो की ऐकणाऱ्याचाच जीव वरखाली व्हावा. पण पुढच्या वेळी जरा कान देऊन ऐका. शेवटी 'ल' येतच नाही. ऐकू येतं ते 'गोऽऽऽउ'. शब्दाच्या शेवटचा 'ल' तिथे 'उ'कडे झुकतो, म्हणून त्यांचा स्वतःचा देशसुद्धा त्यांच्या तोंडी 'ब्राझीउ' असतो. 'त'ला 'इ' लागली की त्याचा 'च' होतो, हा आणखी एक खाक्या. तेव्हा इंग्रजांचा फुटबॉल तिथे झाला 'फुचिबॉउ'.

इंग्रजी शब्द पोर्तुगीजमध्ये गेले की त्यांचं काय होतं, हे आज बघायचं आहे. शब्दकोश मी बाजूला ठेवतोय. मैदानावर ही गंमत जास्त उघडी दिसते.

ब्राझीलमधल्या साओ पावलो शहरात १८७४ साली चार्ल्स मिलर नावाचा मुलगा जन्मला. वडील स्कॉटिश. शिकायला त्याला इंग्लंडला, साउदॅम्प्टनला धाडलं. १८९४ मध्ये तो परतला तेव्हा सामानात फुटबॉल होते आणि खेळाच्या नियमांचं पुस्तक होतं. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये साओ पावलो रेल्वे आणि गॅस कंपनीच्या नोकरदारांत सामना झाला, तो रेल्वेने ४-२ असा जिंकला. जागा होती 'वार्झिया दु कार्मु'. वार्झिया म्हणजे नदीकाठची, पुराचं पाणी चढणारी सपाट जमीन. आजही हौशी, मोकळ्या मैदानावरच्या फुटबॉलला तिथे 'वार्झियाचं फुटबॉल' म्हणतात आणि कारभारात सावळागोंधळ माजला की 'वार्झिया झाली' असंही म्हणतात.

सुरुवातीला खेळ साहेबांचा आणि श्रीमंत घरांतल्या पोरांचा, म्हणून भाषाही इंग्रजी. गोलकीपर, बॅक, हाफ, कॉर्नर, रेफरी, सगळं जसंच्या तसं. मग खेळ कामगारांच्या वस्तीत उतरला आणि शब्दांना पाय फुटले. १९१० साली लंडनचा कोरिंथियन क्लब ब्राझीलच्या दौऱ्यावर आला. त्यांचा खेळ पाहून साओ पावलोतल्या काही कामगारांनी आपल्या नव्या क्लबाला तेच नाव दिलं, कोरिंथियन्स. नाव मूळ ग्रीसमधल्या शहराचं, आणलं इंग्रजांनी, आणि चाहत्यांच्या तोंडात ते झालं 'कुरींचिया'. साहेबाच्या इंग्रजीची याहून प्रेमाने केलेली मोडतोड माझ्या तरी ऐकण्यात नाही.

आता 'टीम' घ्या. ऐकलं तसं लिहिलं, म्हणून त्यांच्या लिपीत ते दिसतं नेमकं इंग्रजी 'टाइम'सारखं. उच्चार मात्र 'चीमी'. इंग्रजी येणारा माणूस साओ पावलोतलं वर्तमानपत्र उघडतो आणि त्याला प्रश्न पडतो की हे लोक सारखे वेळेबद्दल का लिहितात. 'बॅक'चा झाला 'बेकी'. गोलकीपरमधला कीपर त्यांनी काढूनच टाकला आणि 'गोल'ला आपला प्रत्यय जोडला: 'गोलेइरु', म्हणजे चक्क गोलवाला. घोड्यांच्या शर्यतीत अव्वल घोड्याला इंग्रज 'क्रॅक' म्हणत. तो शब्द 'क्राकी' होऊन मैदानावरच्या जादूगाराला चिकटला. आणि चेंडूला मारायची लाथ, इंग्रजी 'शूट', ती झाली 'शूची'. तिच्यावरून क्रियापद 'शुतार', आणि फुटबॉलचे बूट ते 'शुतेइरा'. निवृत्त होणारा खेळाडू 'शुतेइरा खुंटीला टांगतो'. परीक्षेत उत्तर येत नसलं की पोरं अंदाजपंचे खूण करून मोकळी होतात ना, त्यालाही तिथे 'शुतार'च म्हणतात. उत्तराला लाथ मारली, लागली तर लागली.

शब्द मुरला की तो असा मैदानाबाहेर पडतो. ज्याची नोकरी जाण्याच्या बेतात आहे तो 'पेनल्टीच्या खुणेवर' उभा असतो. शेवटच्या क्षणी झालेलं काम 'दुसऱ्या हाफच्या ४५व्या मिनिटाला' होतं. आणि एखादी गोष्ट झकास जमली की 'शो दि बोला', म्हणजे चेंडूचा शो. इंग्रजी 'शो' आणि पोर्तुगीज 'चेंडू' यांचा हा संसार छान चालला आहे.

व्याकरण मात्र एके ठिकाणी अडलं. पोर्तुगीजमध्ये 'ओल'ने संपणाऱ्या शब्दाचं अनेकवचन 'ऑइस' होतं. सूर्य म्हणजे 'सोल', अनेक सूर्य 'सॉइस'. या नियमाने अनेक गोलांचे 'गॉइस' व्हायला हवे होते. पण सरसकट सगळे 'गोल्स'च म्हणतात आणि लिहितात. वैयाकरणी नाकं मुरडतात, पण लाखभर माणसं एका सुरात ओरडत असताना त्यांचं ऐकणार कोण?

खुद्द पोर्तुगालमध्ये, म्हणजे त्यांच्या राजधानीत लिस्बनला, हा प्रश्नच आला नाही. त्यांनी शब्द 'गोलु' असा करून घेतला, अनेकवचन सरळ. गोलकीपर तिथे 'जाळीचा राखणदार' आहे, 'ग्वार्द-रेद्श'. टीमला त्यांनी फ्रेंचकडून 'इकीपा' आणला. माझं मत विचाराल तर लिस्बनने शब्द टेबलाशी बसून निवडल्यासारखे वाटतात आणि ब्राझीलने ते कानावर पडतील तसे उचलले.

कानाचा विषय निघालाच आहे तर रेडिओचं श्रेय घेऊ द्या. १९३१ साली साओ पावलोत निकोलाउ तुमा यांनी ब्राझीलमधला पहिला अख्खा फुटबॉल सामना रेडिओवरून ऐकवला. बोलण्याचा वेग असा की लोक त्यांना 'स्पीकर मशीनगन' म्हणू लागले. त्या काळी निवेदकालाही तिथे इंग्रजी 'स्पीकर'च म्हणत. वाचता न येणाऱ्या लाखोंच्या घरात हे शब्द कानावाटेच शिरले असणार. मग त्यांना स्पेलिंगची काय पर्वा?

परक्या शब्दांवर चिडणारेही होते. कास्त्रो लोपिस नावाच्या विद्वानाने एकोणिसाव्या शतकात 'मेन्यू'ला 'कार्दापिउ' हा शब्द घडवला. तो इतका रुळला की आज ब्राझीलमध्ये हॉटेलात तोच मागावा लागतो. फुटबॉलसाठी मात्र 'लुदोपेदिउ' सुचवला गेला आणि त्याचं हसंच झालं. १९९९ मध्ये खासदार आल्दो रेबेलो यांनी परकीय शब्दांना आळा घालणारं विधेयक संसदेत मांडलं. चर्चा खूप झाली, कायदा काही झाला नाही. आणि योगायोग पाहा, २०१४ चा फुटबॉल विश्वचषक ब्राझीलमध्ये भरला तेव्हा देशाचे क्रीडामंत्री हेच रेबेलो होते. गोल, पेनल्टी आणि चीमी यांच्या गराड्यात.

आपल्या शेजारच्या गोव्याचीही एक गंमत. तिथे राज्य पोर्तुगिजांचं, पण फुटबॉल आणल्याचं श्रेय दिलं जातं फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या इंग्रजी बोलणाऱ्या पाद्र्याला. साल १८८३, गाव शिवोली. म्हणजे मिलर ब्राझीलला परतण्याच्याही अकरा वर्षं आधी. 'स्पोर्टिंग क्लुब दि गोवा' हे नाव उच्चारून बघा: पहिला शब्द इंग्रजी, दुसरा इंग्रजीचा पोर्तुगीज झालेला.

तुमच्यापैकी कुणाची मुलं-नातवंडं लिस्बनला किंवा साओ पावलोला असतील आणि तुम्ही तिकडे जाणार असाल, तर एक पक्कं ध्यानात ठेवा. टीमची जर्सी लिस्बनच्या दुकानात 'कामिझोला' म्हणून मागायची. ब्राझीलमध्ये तिला 'कामीझा' म्हणतात, आपल्या कमीजच्याच भावकीतली. तिथल्या दुकानात जाऊन कोरिंथियन्सचा 'कामिझोला' मागितलात, तर विक्रेता तुमच्यापुढे बायकांचा रात्रीचा गाऊन ठेवील. क्लबाच्या रंगात मिळालाच तर घेऊन टाका, घरी कुणीतरी वापरेल.

नमस्कार.