सात आणि नऊ यांच्यामधला गाळा

[दृश्य: पहाटेची भरती. क्लीव्हलँड बंदरातून बाहेर पडणाऱ्या होड्या.]

वरळी कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदरातून निघालेल्या होडीला खोल समुद्र गाठायचा, तर आता डोक्यावरच्या सागरी किनारा मार्गाच्या पुलाखालून, दोन खांबांमधल्या गाळ्यातून, म्हणजे मोकळ्या जागेतून जावे लागते. आराखड्याच्या क्रमाने त्यातला एक खांब सातवा आणि दुसरा नववा आहे. आठवा खांब कागदावर होता, पण तो समुद्रात उभा राहिला नाही, कारण त्याला कोळीवाड्याने ठाम विरोध केला.

मुंबई महानगरपालिकेने हाती घेतलेला सागरी किनारा मार्ग मरीन ड्राइव्हजवळच्या प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपुलापासून वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या वरळीकडील टोकापर्यंत जातो. त्याची लांबी १०.५८ किलोमीटर आहे. २०१८ साली काम सुरू झाले, तेव्हा भराव, जुळे बोगदे आणि पूल यांचे तपशील ठरलेले होते आणि वरळीच्या बाजूला मार्ग सागरी सेतूला जोडणारे खांब कोठे येणार हेही आखलेले होते. या पाण्यातून रोज ये-जा करणाऱ्या तांडेलांशी, म्हणजे होडीच्या प्रमुख खलाशांशी, या जागांबद्दल खरी चर्चा झाली, ती मात्र त्यानंतर. आमच्या मते पुढच्या साऱ्या वादाचे मूळ या उलट्या क्रमात आहे.

[दृश्य: लाटेवर आडवी होत जाणारी होडी. तांडेलाचा सुकाणूवरचा हात.]

पडद्यावरची ही होडी नीट पाहावी. तिचे नाक समोरच्या मोकळ्या पाण्याकडे आहे, तरीही बाजूने येणारा वारा आणि ओहोटीची ओढ तिला तिरपे सरकवत आहे. तांडेल सुकाणू उलट दिशेला दाबून धरतो आणि लाट खालून निघून गेल्यावरच हात सैल करतो. होडी तिच्या रुंदीपुरती जागा घेऊन सरळ रेषेत जात नाही. उधाणाच्या दिवसांत ती किती वाहवत जाईल, त्याच वेळी समोरून दुसरी होडी आली तर दोघींना किती अंतर लागेल, आणि ऐन खांबाजवळ इंजिन बंद पडले तर नांगर टाकून सावरायला किती पाणी हाताशी हवे, याचा हिशेब येथल्या खलाशाला पाठ असतो. भोवतालच्या खडपांमुळे त्याला वाट बदलण्याची फारशी मुभाही नसते. हे ज्ञान नकाशावर उतरलेले नसते, म्हणून ते ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जाऊन विचारावे लागते.

मूळ आराखड्यात दोन खांबांमधील अंतर सुमारे ६० मीटर होते. होड्यांसाठी तेवढे पुरेसे आहे, असे महापालिकेचे म्हणणे होते. मच्छिमारांनी २०० मीटरची मागणी केली. महापालिका स्थिर पाण्यातली होडी मोजत होती आणि कोळीवाडा खवळलेल्या पाण्यातली. शेजारच्या सागरी सेतूखालून होड्या नेण्याचा अनुभव वरळीकरांच्या गाठीशी २००९ पासून होता आणि त्यामुळे ते सहजासहजी मागे हटणार नव्हते.

दरम्यान हा प्रकल्प न्यायालयातही गेला होता. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला मिळालेली किनारा नियमन क्षेत्राची मंजुरी रद्द केली. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिल्यावर काम पुन्हा सुरू झाले. त्यामुळे प्रशासनाला पुढे जाण्याची मुभा मिळाली, परंतु गाळ्याचा प्रश्न जागच्या जागी राहिला. २०२१ च्या अखेरीस मच्छिमारांनी आपल्या होड्या थेट कामाच्या जागी नेऊन उभ्या केल्या आणि समुद्रातले काम रोखले. बैठका झाल्या, अभिप्राय मागवले गेले, आकडे मागेपुढे सरकले. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी आठवा खांब वगळून गाळा १२० मीटरचा करण्याचा निर्णय जाहीर केला. मच्छिमारांना मिळाले ते मागितलेल्यापेक्षा कमी होते, पण प्रशासनाने आधी देऊ केलेल्याच्या दुप्पट होते.

[दृश्य: तराफ्यावरची महाकाय कमान. भरतीबरोबर वर चढणारी तुळई.]

गाळा वाढला की वरचा पूलही बदलतो. मधला आधारच काढून घेतल्यावर नेहमीच्या तुळया पुरणार नव्हत्या, म्हणून धनुष्यासारख्या कमानीची पोलादी तुळई आणावी लागली. १३६ मीटर लांबीची आणि सुमारे २,००० टन वजनाची पहिली तुळई तराफ्यावरून वरळीला पोहोचली आणि २६ एप्रिल २०२४ च्या पहाटे जागेवर बसवण्यात आली. तराफा नेमक्या जागी थांबवायचा, भरतीने तो वर उचलला जाईपर्यंत वाट पाहायची, आणि पाणी उतरू लागले की तुळईचा भार हळूहळू खांबांवर सोपवायचा, असे हे काम होते. भरती-ओहोटीच्या ज्या वेळापत्रकावर कोळीवाड्याचा दिवस चालतो, त्याच वेळापत्रकाने येथे अभियंत्यांचा दिवस ठरला. मे महिन्यात दुसरी तुळई आली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सागरी सेतूला जोडणारा भाग वाहतुकीसाठी खुला झाला.

भरावाखाली गेलेल्या मासेमारीच्या जागा आणि त्यांची नुकसानभरपाई हा विषय वेगळा असून तो अद्याप कोळीवाड्याच्या मनातून गेलेला नाही.

आता किनारा मार्ग उत्तरेकडे सरकतो आहे. वांद्रे ते वर्सोवा सागरी सेतूचे काम सुरू आहे आणि वर्सोव्याच्या पुढे दहिसरकडे जाणाऱ्या मार्गाची आखणी झाली आहे. या पट्ट्यात खार दांडा, जुहू आणि वर्सोवा येथील कोळीवाडे आहेत आणि प्रत्येकाची आपापली बंदरे व होड्यांच्या वाटा आहेत. खांबांच्या जागा पक्क्या करण्यापूर्वी, आणि तेही भर पावसाळ्यातल्या उधाणाच्या दिवशी, तेथील तांडेलांना सोबत घेऊन अभियंत्यांनी त्या वाटांवरून एकदा होडीने जाऊन यावे, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.