हेतू सोडा, बॅच नंबर विचारा

मंडळी, औषध कंपन्यांचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: 'सगळे पैशाच्या मागे आहेत हो.' पाठोपाठ दुसरं: 'आणि सरकार त्यांनाच सामील.' एवढं बोललं की चर्चा संपते. मग घरी जाऊन आपण त्याच कंपनीचं, त्याच सरकारने परवाना दिलेलं सिरप चमच्यात ओतून लेकराला पाजतो. रात्री दोन वाजता पोर खोकत असेल तर दुसरं करणार काय? म्हणून 'तुमचा विश्वास आहे का' हा प्रश्न मी कुणाला विचारत नाही. कोणी तपासलं, कधी, आणि ते कुठे लिहून ठेवलंय, एवढंच मला हवं असतं.

पातळ औषध करायचं तर औषधी द्रव्य विरघळवायला काहीतरी लागतं. बहुधा प्रॉपिलिन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन वापरतात. दोन्ही बिनरंगी, गोडसर, किंचित दाट. डायएथिलिन ग्लायकॉल नावाचा औद्योगिक द्रव दिसायला अगदी तसाच, चवीलाही गोड, आणि स्वस्त. तो पोटात गेला की मूत्रपिंडं निकामी होतात, लघवी बंद होते. दोन पिंपं शेजारी ठेवली तर अनुभवी माणसालाही डोळ्यांनी फरक सांगता येणार नाही. तो प्रयोगशाळेत कळतो. औषधात या विषारी द्रवाची मर्यादा आहे 0.1 टक्का.

हे विष नवं नाही. 1937 साली अमेरिकेत एका कंपनीने याच द्रवात सल्फाचं औषध विरघळवून विकलं आणि शंभरहून अधिक माणसं दगावली. औषध बाजारात आणण्याआधी ते सुरक्षित आहे हे दाखवण्याची सक्तीच तेव्हा नव्हती. कारवाई झाली ती लेबलातल्या चुकीबद्दल! पुढच्याच वर्षी, 1938 मध्ये, कायदा बदलला. त्या कंपनीचे मालक लोभी होते की नुसते बेफिकीर, यावर हवा तेवढा वाद घाला. तपासणीची सक्ती असती तर दोन्ही स्वभाव वेळीच पकडले गेले असते.

आपल्याकडे 1986 च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले 14 रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्येही हेच डायएथिलिन ग्लायकॉल. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, रुग्णालय, अन्न व औषध प्रशासन आणि मंत्री कुणालाच सोडलं नाही, आणि त्या अहवालापायी आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावं लागलं. आपल्या राज्यात एवढं घडून गेलेलं, तरी आज औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना 'लेंटिन' म्हटल्यावर काही आठवत नाही. हे मला फार खटकतं.

आता 2025. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागातली मुलं खोकल्याचं सिरप घेतल्यावर मूत्रपिंडं बंद पडून आजारी पडू लागली. त्यातली बरीच उपचारासाठी आपल्या नागपूरला आणली गेली. वीसहून अधिक मुलं गेली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला केंद्राने सांगितलं, तपासलेल्या सहा नमुन्यांत हे विष नाही. हे वाक्य त्या सहा नमुन्यांपुरतं होतं. लोकांनी ऐकलं ते मात्र असं की सिरप निर्दोष आहे. जवळपास त्याच सुमारास तमिळनाडूचा अहवाल आला: कोल्ड्रिफ सिरप, बॅच एसआर-13, डायएथिलिन ग्लायकॉल 48.6 टक्के. मर्यादा 0.1, आणि बाटलीत निम्मं विष! हे सिरप बनवणाऱ्या कांचीपुरमच्या कारखान्यावर तमिळनाडूचे निरीक्षक ऐन दसऱ्याच्या सुट्यांत जाऊन नमुने घेऊन आले होते. म्हणजे मनात आणलं तर यंत्रणेला एक-दोन दिवसांत खरं सांगता येतं. तोच कारखाना 2011 पासून परवान्यावर चालला होता, हेही त्याच यंत्रणेच्या खात्यावर.

लोकांचा सरकारवरचा विश्वास वाईट बातमीने उडतो असं मला वाटत नाही. 'बॅच एसआर-13 घेऊ नका, बाकीच्यांची तपासणी चालू आहे' असं सांगितलं तर माणसं समजून घेतात. 'घाबरण्याचं कारण नाही' असं मोघम सांगून दुसऱ्या दिवशी उलटा अहवाल आला, की पुढच्या वेळी खरं सांगितलेलंही कोणी ऐकत नाही. अफवेला मग वाट मोकळी.

कंपनीचं म्हणाल तर तिचा हेतू नफाच असतो, त्यात लपवण्यासारखं काय आहे? गवळ्याच्या मनात काय आहे ते शोधत बसण्यापेक्षा दुधात लॅक्टोमीटर घालावा. आलेलं प्रत्येक पिंप उघडून तपासलं का आणि त्याची नोंद आहे का, हे कंपनीला विचारता येतं. निरीक्षक आपल्या कारखान्यात शेवटचा कधी आला, हेही विचारता येतं. निरीक्षकांची पदं रिकामी ठेवून नुसता कायदा कडक करणं मला तरी थट्टाच वाटते.

आता तुमच्या हातातलं एक सांगतो, कारण हे सहसा कोणी सांगत नाही. औषधं व सौंदर्यप्रसाधनं कायदा, 1940, कलम 26. तुम्ही विकत घेतलेलं औषध ठरलेली फी भरून शासकीय विश्लेषकाकडे तपासायला देण्याचा आणि त्याच्या सहीचा अहवाल मिळवण्याचा तुम्हाला हक्क आहे. ग्राहक संघटनेलाही आहे. त्यासाठी दुकानदाराकडून बिल घ्या आणि त्यावर बॅच नंबर आहे ना ते तिथेच काउंटरवर वाचून बघा. नसेल तर लिहून मागा. दुकानदार आधी कुरकुरेल, मग लिहून देईल.