मार नराला बसतो

नमस्कार श्रोतेहो. घरच्या काचेच्या टाकीत सिक्लिड या माशांच्या कुळातल्या छोट्या जातींची पिल्लं काढताना जी मारामारी होते, तिच्याबद्दल आज बोलायचं आहे. दुकानात ज्यांना नुसतं ‘एपिस्टो’ म्हणतात, त्यातला सहज मिळणारा कॉकॅटू एपिस्टो आपण समोर धरू. शास्त्रीय नाव एपिस्टोग्रामा कॅकाटुऑइडीस. नराच्या पाठीवरच्या पराचे पुढचे काटे काकाकुवाच्या तुऱ्यासारखे उभे राहतात, म्हणून हे नाव. मूळ घर पेरूच्या बाजूचं ॲमेझॉनचं खोरं. नर साधारण ८ सेंटिमीटर, मादी जेमतेम ५.

हे आकडे ऐकले की वाटतं, जपायचं ते मादीला. सुरुवातीचे काही दिवस ते खरंही असतं. मादी अंड्यांवर आलेली नसली तर नर तिला दम खाऊ देत नाही. पण मग एका सकाळी टाकीसमोर जावं तर मादी हळदीसारखी पिवळीधमक, अंगावर काळे ठळक पट्टे. आणि नर वर, फिल्टरच्या पाइपामागे, शेपटीच्या चिंध्या झालेल्या, पर मिटलेले, रंग उडालेला. मादीने अंडी घातलेली असतात. कॉकॅटूच्या टाकीत जीव जातो तो बहुतेक वेळा या दिवसांत, आणि तो नराचा.

असं का होतं? निसर्गात एका नराच्या मोठ्या हद्दीत तीन-चार माद्या असतात आणि प्रत्येकीची स्वतःची छोटी जागा असते. अंडी आणि पिल्लं एकटी मादी सांभाळते. नराने अंडी फळवायची आणि निघून जायचं, बाहेरची हद्द राखायची. टाकीत त्याला निघून जायला जागाच नसते. मादी बिळाभोवती हातभर जागा आपली मानते. दोन फुटी टाकीत हातभर इकडे, हातभर तिकडे म्हटलं की झाली टाकी संपूर्ण.

सगळेच सिक्लिड असे नाहीत. आपल्या गोव्याच्या खाजणांत मिळणारी काळुंदर हीसुद्धा सिक्लिडच, आणि तिच्यात नर-मादी दोघं मिळून पिल्लं राखतात. दुकानातले रॅम आणि क्रिबेन्सिसही जोडीने संसार करणारे. त्यांच्यात जरा कुरबूर दिसली की नर बाहेर काढायचा, असं करू नका. मोडलेली जोडी परत जमेलच असं नाही. आज जे सांगतो आहे ते एपिस्टोसाठी आहे.

आता टाकी. एक नर आणि एक मादी असेल तर २४ बाय १२ बाय १२ इंच, म्हणजे ५० लिटरच्या आसपास पाणी, ही अगदी कमीत कमी. एक नर आणि दोन माद्या ठेवायच्या तर ३६ बाय १५ इंच तळाची टाकी हवी. उंचीवर पैसे घालवू नका. एपिस्टोची भांडणं तळाच्या जमिनीवरून होतात. दोन नर मात्र चार फुटांखालच्या टाकीत ठेवूच नयेत.

बिळासाठी आपल्याकडे संक्रांतीच्या सुगडासारखी उत्तम वस्तू नाही. रंग न लावलेलं, साधं मातीचं बोळकं घ्या, दोन दिवस पाण्यात भिजवा आणि वाळूत उपडं ठेवा. काठाचा एक टवका काढून २ ते २.५ सेंटिमीटरचं दार करा आणि कडा पॉलिश पेपरने घासा. मादी आत जाते आणि मोठ्या नराला जेमतेम डोकं घालता येतं, एवढंच ते दार असावं. दार मोठं झालं तर चिडलेला नर थेट अंड्यांपर्यंत पोचतो. नारळाची करवंटीही चालते, पण ती दोन-तीनदा उकळून, आतलं खोबरं खरवडून घ्या, नाहीतर पाणी दुधाळ होतं आणि वास येतो. प्रत्येक मादीमागे किमान दोन बिळं ठेवा. बिळं कमी पडली की माद्या एकमेकींचे पर कुरतडतात.

यानंतरचं काम बरेच जण करत नाहीत. टाकीसमोर खाली बसा, डोळा बोळक्याच्या दाराच्या पातळीला आणा आणि मादीला तिथून काय दिसेल ते बघा. समोरची काच दिसते? दुसरं बोळकं दिसतं? जे दिसतं ते सगळं ती आपलं समजून राखणार. मधे एखादं लाकडाचं मूळ, दोन उभे दगड किंवा जावा फर्न या पाणवनस्पतीचा दाट झुबका असा ठेवा, की तिची नजर वीतभरावर अडली पाहिजे. दोन बिळांची तोंडं एकमेकांकडे कधीही करू नका. तळाला रस्त्यावरच्या देशी बदामाची (टर्मिनॅलिया कटप्पा) गळलेली, वाळून तपकिरी झालेली पानं धुऊन टाका; हिरवी नकोत. त्या पानांखाली मार खाणारा मासा दडतो आणि पुढे पिल्लंही तिथेच चरतात. पाणी जरा चहाच्या रंगाचं होईल, होऊ द्या.

नराला आसरा मात्र वर द्यावा लागतो, कारण तळ मादीचा असतो. एका वरच्या कोपऱ्यात जावा मॉसचा मोठा गोळा किंवा तरंगत्या वनस्पतींचा जाड थर ठेवला, तर तिथे तो नजरेआड होतो.

बरोबरीला सहा-आठ शांत, वरच्या थरात फिरणारे मासे असावेत, पेन्सिल फिश किंवा हार्लेक्विन रासबोरा चालतात. त्यांना हाकलण्यात मादीचा राग वाटला जातो. एकटा नरच समोर असला की तो सगळा त्याच्यावर निघतो. कोरीडोरस ठेवू नका. ते तळाशी चरतात, त्यांना हद्दीची भाषा कळत नाही, मादी कितीही धडका देत राहिली तरी ते तिथेच, आणि रात्री अंडी खाऊन जातात.

नर-मादी आधी जाळीच्या दोन बाजूंना ठेवा, पाच-सात दिवस. बारीक भोकांची प्लास्टिकची जाळी काचेला घट्ट बसेल अशी कापा, फट राहिली तर मादी निसटते. या दिवसांत दोघांना ब्लडवर्म (लाल अळ्या) आणि आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) रोज दोनदा द्या. मादी पोट पिवळं करून, अंग वाकवून जाळीपाशी नरासमोर थरथरू लागली की जाळी काढा. त्याआधी काढली तर नर तिला दिवसभर पळवणार.

दोघांनी पर ताठ करून समोरासमोर उभं राहणं, शेपटीने पाण्याचा झपका मारणं, वीतभर पाठलाग करून परतणं, हे सगळं चालायचंच. घाबरायचं केव्हा? मार खाणारा मासा वरच्या कोपऱ्यात स्थिर झाला, पर अंगाशी मिटले, खाणं टाकलं की. मग ‘उद्या बघू’ म्हणू नका. त्याच तासाला त्याला वेगळं करा.

२७ अंश तापमानाला दिवसांचं गणित साधारण असं बसतं. अंडी लालसर, बोळक्याच्या छताला आतून चिकटवलेली. सुमारे तिसऱ्या दिवशी ती फुटतात, आठवड्याच्या सुमाराला पिल्लं पोहत बाहेर येतात. मादीचा पहिला भडका अंड्यांच्या दिवशी, दुसरा आणि मोठा पिल्लं बाहेर आल्यावर, कारण आता तिची हद्द पिल्लांबरोबर सरकत राहते. दोन फुटी टाकीत नराला या दुसऱ्या भडक्याआधीच, म्हणजे पाचव्या-सहाव्या दिवशी काढावं. जाळं शांतपणे, दिवे मंद करून घाला. टाकी ढवळली तर घाबरलेली मादी अंडी किंवा पिल्लं खाऊन टाकू शकते.

या काळात आणखी दोन गोष्टी बिघडतात. पहिली, थंड पाण्याचा मोठा बदल. थोडं थंड, ताजं पाणी आलं की नराला पावसाळा आल्यासारखं वाटतं आणि तो पुन्हा मादीच्या मागे लागतो. म्हणून पिल्लं असताना रोज १० टक्के पाणी त्याच तापमानाचं बदला. दुसरी, एकदम अंधार. संध्याकाळी मादी पिल्लं गोळा करून बिळात नेते. दिवा फट्कन गेला तर ती विखुरतात. आधी टाकीचा दिवा घालवा, खोलीचा अर्ध्या तासाने.

कॉकॅटूची पिल्लं पहिल्या दिवसापासून नुकती फुटलेली आर्टेमिया खातात. लिटरभर पाणी, २५ ग्रॅम आयोडीन नसलेलं मीठ, पाव चमचा आर्टेमियाची अंडी, तळापासून जोराची हवा, आणि साधारण २४ तास. दिवसातून तीनदा द्या, मादीलाही तिथेच मिळेल. भुकेली मादी जास्त चिडते. फिल्टर स्पंजचाच हवा, दुसरा पिल्लं ओढून घेतो.

तीन-चार आठवड्यांनी मादीचा पिवळा रंग उतरू लागतो आणि ती पिल्लांमागे कमी धावते. नराला परत सोडायचं ते आता. सोडण्याआधी दगड आणि मुळं हलवून जागा बदला, म्हणजे कुणाचीच हद्द जुनी राहत नाही. दिवे घालवून सोडा. पिल्लं त्याआधी वेगळ्या टाकीत काढलेली बरी, कारण पुढच्या वेताच्या वेळी हीच मादी त्यांना हाकलून हाकलून मारते.

माद्या निवडताना एक फसगत होते, ती जरूर टाळा. दुकानातली ‘दुसरी मादी’ कधीकधी लहान चणीचा नर निघतो. मादीसारखा रंग ठेवून तो गुपचूप बिळापाशी राहतो. पोटाखालच्या परांची पुढची कड बघा. मादीची काळी असते.

तापमानाचा आणि भांडणांचा एक संबंध पिल्लं मोठी झाल्यावर कळतो. उवे रोमर आणि वोल्फगांग बाइझेनहेर्त्स यांनी १९९६ साली दाखवलं, की एपिस्टोच्या पिल्लांचं नर-मादी होणं पहिल्या आठवड्यांतल्या तापमानावर अवलंबून असतं. गरम पाण्यात नर जास्त होतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये टाकी सहज ३० वर जाते, आणि मग ५० पिल्लांत नरच नर. उन्हाळ्याच्या वेताला टाकीवर छोटा पंखा लावून पाणी २६ अंशांच्या जवळ ठेवा. दोन-अडीच महिन्यांचे झाले की नरांचे तुरे उठू लागतात. त्यांतला सगळ्यात मोठा आधी वेगळा काढा. तो बाकीच्यांना खायला फिरकू देत नाही, आणि लहान राहिलेल्यांत माद्याच जास्त असतात.